दमयंती कारखानीस विरुद्ध रोकिया

दमयंती कारखानीसची आणि माझी ओळख एका ब्लाउजमुळे झाली. १९९८ साली आम्ही सिंगापुरात चोआ चू कांगला राहायला आलो. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिच्या अंगातला ब्लाउज बघून मला राहवलं नाही. पुण्याहून शिवून आणला का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "आमच्या ब्लॉकखाली शिवलाय." मला खरं वाटेना. मुंढ्यात नीट बसणारा ब्लाउज सिंगापुरात मिळत नाही ही आम्हा बायकांची तेव्हाची कायमची रड होती. पुढच्याच रविवारी ती मला रोकियाकडे घेऊन गेली.

रोकिया म्हणजे पन्नाशीची, बुटकी, कमी बोलणारी मलय बाई. ब्लॉकखालच्या दुकानांच्या ओळीत एका लाँड्रीवाल्याने तिला कोपरा भाड्याने दिला होता. तेवढ्या जागेत तिचं विजेचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कापडांच्या पिशव्या. तिने जन्मात कधी ब्लाउज शिवला नव्हता. दमयंतीने आपला एक जुना ब्लाउज तिच्यासमोर उसवला आणि तुकडे ओळीने मांडून दाखवले. पहिला शिवलेला खांद्यावर उभा राहिला. दुसऱ्याची बाही दंडात अडकली. तिसरा बसला. त्यानंतर चोआ चू कांगमधल्या झाडून सगळ्या मराठी बायका तिच्याकडे जायला लागल्या. दमयंती तिला 'काक' म्हणायची. मलयमध्ये काक म्हणजे मोठी बहीण. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, कारण आमच्याकडे काक म्हणजे कावळा. दमयंती मात्र हसली नाही. "मोठी आहे ती माझ्यापेक्षा, हाक मारायला काहीतरी हवं ना," एवढंच म्हणाली.

ती तशीच होती. सगळं जागच्या जागी. एका बँकेच्या ऑडिट विभागात ती नोकरीला होती. दुसऱ्यांनी सह्या करून दिलेले कागद तपासणं हे तिचं काम. त्या कामाबद्दल ती क्वचित बोलायची, पण एकदा म्हणाली होती की कागदावर काय लिहिलंय ते कुणीही वाचतं, आम्हाला काय लिहिलेलं नाही ते वाचायला ठेवलंय. नवरा श्रीनिवास एका विमान कंपनीच्या हिशेब खात्यात होता. मुलगी मधुवंती तेव्हा शाळेत. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा तिच्याशी संवाद. तिघांचं बरं चाललं होतं. नागरिकत्व घ्यायचं की पुण्यात फ्लॅट घ्यायचा, एवढाच काय तो वाद घरात असायचा.

ऑगस्ट २००१ मध्ये, गणपतीच्या आठवड्यात, दमयंतीच्या गाडीने रोकियाला उडवलं.

संध्याकाळचे पावणेसात व्हायला आले होते. अजून लख्ख उजेड होता. दमयंती ऑफिसातून घरी येत होती. घराजवळच्या चौकात तिला उजवीकडे वळायचं होतं. तिच्या बाजूचा दिवा हिरवा होता. अशा वेळी समोरून येणाऱ्या गाड्या जाऊ द्यायच्या, पायी ओलांडणाऱ्यांना जाऊ द्यायचं आणि मग वळायचं, असा नियम. समोरच्या गाड्या संपल्या, ती वळली. पायी जाणाऱ्यांच्या खांबावरचा हिरवा माणूस तेव्हा लुकलुकत होता, म्हणजे वेळ संपत आली होती. रोकिया झेब्रा पट्ट्यांवर होती. दोन्ही हातांत कापडाच्या पिशव्या होत्या. गाडीचा वेग काही फार नव्हता. पण रोकिया पडली ती कमरेवर, आणि उजवं पाऊल पुढच्या चाकाखाली आलं.

कमरेचं हाड मोडलं होतं, ते जुळलं. घोट्याचा मात्र चुरा झाला होता. तीन शस्त्रक्रिया झाल्या. पाऊल राहिलं, पण त्यातली जाण गेली. बोटं हलेनात. शिंपिणीचं उजवं पाऊल म्हणजे काय, ते मशीनवर बसणाऱ्यालाच कळतं. मशीन किती दाबायचं, कुठे सोडायचं, हे ते पाऊल ठरवतं. डाव्या पायाने करून बघितलं तिने. टीप वाकडी जायची.

पहिल्या आठवड्यात दमयंती रोज हॉस्पिटलमध्ये जात होती. सूप घेऊन जायची, उशी नीट करायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिने विमा कंपनीला कळवलं, आणि त्यांचं पत्र आलं. जखमी व्यक्तीशी परस्पर संपर्क ठेवू नये, चूक कबूल होईल असं काही बोलू वा लिहू नये, तसं केल्यास पॉलिसीतलं संरक्षण जाऊ शकतं. श्रीनिवासने ते पत्र दोनदा वाचलं आणि फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवलं. दमयंतीचं हॉस्पिटलमध्ये जाणं थांबलं. रोकिया घरी आल्यावर समोरासमोर गाठ पडू नये म्हणून ती मागच्या जिन्याने ये-जा करायला लागली. रोकिया शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहायची.

मी एकदा रोकियाला भेटायला गेले. तिला वाटलं मला दमयंतीने पाठवलंय. मी नाही म्हटल्यावर तिने पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "ऑफिसात खूप काम असेल तिला."

नुकसानभरपाईचा दावा लागला तो पुढच्या वर्षी. अशा दाव्यात गाडीवाल्याच्या नावाने खटला चालतो, पण लढते विमा कंपनी. वकील त्यांचा, खर्च त्यांचा, काय म्हणायचं तेही तेच ठरवणार. मिस्टर क्वेक नावाचे एक शांत, पातळ आवाजाचे वकील दमयंतीला मिळाले. सिनेमात बघून बघून आम्हाला वाटायचं की बारा माणसं बसतील आणि तोंडाकडे बघून ठरवतील. क्वेक म्हणाले, इथे ज्यूरी बंद होऊन तीसेक वर्षं झाली, एकच न्यायाधीश ऐकतो आणि एकच ठरवतो. ते ऐकून दमयंतीला बरं वाटलं होतं. एका माणसाला सांगणं सोपं, असं मला म्हणाली.

आणि त्याच दिवशी तिने मला ती गोष्ट सांगितली. आम्ही क्वेकच्या ऑफिसातून निघून एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर उभ्या होतो.

"वळताना माझा फोन वाजला होता," ती म्हणाली. "बाजूच्या सीटवर उघड्या पर्समध्ये होता. मी उचलला नाही, हातसुद्धा लावला नाही. पण बघितलं. कुणाचा आहे ते बघितलं."

मी विचारलं, कुणाचा होता?

"तुझा, नंदा."

मला आठवायला वेळ लागला नाही. मंडळाचं मोठं पातेलं कुणाकडे आहे ते विचारायला मी फोन केला होता. तिने उचलला नाही म्हणून मी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं, पातेलं मिळालं, आणि मी ते विसरूनही गेले. अपघाताची वेळ आणि माझ्या फोनची वेळ मी कधी शेजारी शेजारी ठेवून बघितली नव्हती. ती वर्षभर मला भेटत होती, माझ्या घरी जेवत होती, आणि तिला हे माहीत होतं.

तिने हे क्वेकनाही सांगितलं होतं. क्वेकनी विचारलं, तुम्ही फोन घेतला का? नाही. हातात धरला? नाही. पोलिसांनी याबद्दल काही विचारलं होतं? नाही. तेव्हा क्वेक म्हणाले की विचारलं तर खोटं बोलू नका, मी तुम्हाला खोटं बोलू देणार नाही. न विचारलेल्याचं उत्तर मात्र द्यायचं नसतं.

खटला उभा राहिला २००३ च्या मार्चमध्ये. मी दोन्ही दिवस रजा घेऊन गेले. न्यायाधीश बाई होत्या, साठीच्या आसपासच्या, सतत लिहीत असलेल्या. रोकिया काठी टेकत साक्षीला आली. दुभाष्यामार्फत मलयमध्ये बोलली. हिरवा माणूस स्थिर होता तेव्हाच मी पाऊल टाकलं, असं तिचं म्हणणं. समोरच्या रांगेत बस घेऊन उभा असलेला एक ड्रायव्हर साक्षीला आला होता. त्याला वाटत होतं की ती उतरली तेव्हा हिरवा माणूस लुकलुकायला लागला होता, पण खात्रीने सांगता येणार नाही. क्वेकनी रोकियाला विचारलं, उतरल्यावर तुम्ही उजवीकडे बघितलं का? ती म्हणाली, मी समोर बघत होते. पिशव्या जड होत्या. क्वेकनी तेच आणखी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं. शहाणी बाई असती तर बघितलं म्हणाली असती.

मग दमयंती उभी राहिली. निळी सिल्कची साडी नेसली होती, हात पुढे जुळवून ठेवले होते. वळण्याआधी मी क्रॉसिंगकडे बघितलं, तिथे कुणी नव्हतं, त्या अचानक समोर आल्या, असं तिने सांगितलं. वाक्य न् वाक्य खरं होतं. वळण्याआधी तिने बघितलंच होतं. रोकियाचा वकील तरुण होता, तयारी करून आलेला. त्याने विचारलं, "तुम्ही त्या वेळी फोनवर बोलत होता का?"

"नाही."

"फोन वापरत होता का?"

"नाही."

मी मागच्या बाकावर बसले होते.  त्याने एकच प्रश्न आणखी विचारायला हवा होता. पण त्याच्याकडे टेलिफोन कंपनीचा कागद होता. त्यावर त्या वेळात बोलणं झाल्याची नोंद नव्हती. न उचललेले फोन त्या कागदावर येतच नसत. त्याने पान उलटलं आणि ब्रेकबद्दल विचारायला लागला.

सहा आठवड्यांनी निकाल आला. न्यायाधीश बाईंनी तो वाचून दाखवला. दोन हातांत पिशव्या घेतलेली माणसं मोकळ्या रस्त्यावर अचानक उगवत नाहीत. उजेड होता, आड काही नव्हतं. प्रतिवादी म्हणते तिने बघितलं. तर मग जे दिसायलाच हवं होतं ते तिला का दिसलं नाही, याचं उत्तर तिने दिलेलं नाही. एकतर तिने बघितलं नाही, किंवा तिचं लक्ष दुसरीकडे होतं. कुठे होतं ते न्यायालयाला सांगितलं गेलेलं नाही. तिची साक्ष घोटून तयार केलेली वाटते आणि मी ती ग्राह्य धरत नाही. सगळी जबाबदारी गाडी चालवणारीची.

मला वाटलं दमयंती कोसळेल. बावीस वर्षांच्या नोकरीत तिच्या शब्दावर कुणी संशय घेतला नव्हता, आणि इथे भर कोर्टात एक बाई म्हणाली की हिच्यावर माझा विश्वास नाही. पण बाहेर आल्यावर ती म्हणाली, भूक लागलीय. आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमध्ये गेलो. तिने प्लेटभर नूडल्स खाल्ले आणि वर उसाचा रस घेतला.

"बाईंनी बरोबर ओळखलं मला," ती म्हणाली. "संपलं एकदाचं. आता भरपाईचा आकडा ठरेल, काकला मिळेल. मी जाऊन भेटेन तिला."

तिचा चेहरा मोकळा दिसत होता. त्यानंतर तसा तो मला कधी दिसला नाही.

दोन आठवडे झाले नसतील, अपिलाचे कागद आले. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत तिचं नाव आणि त्याखाली अपीलकर्ती. दमयंतीने विमा कंपनीत फोन केला की मी अपील केलेलं नाही, मला करायचं नाही. त्यांनी तिला भेटायला बोलावलं. मी बरोबर गेले. दाव्यांचं काम बघणारा एक पस्तिशीचा माणूस होता, नीट बोलणारा. त्याने आम्हाला चहा दिला, पॉलिसी उघडली आणि एका कलमावर बोट ठेवलं. दावा लढवणं, तडजोड करणं, अपील करणं, हे सगळं विमेदाराच्या नावाने करण्याचा हक्क कंपनीचा. विमेदाराने सहकार्य करायचं. आडकाठी केली, तर पुढचं त्याचं त्याने बघायचं.

"पण कोर्टाने सांगितलंय की चूक माझी आहे," दमयंती म्हणाली. "आणि ती आहे."

त्याने पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे वाक्य मी ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "नाव फक्त तुमचं आहे. अपील आमचं आहे."

घरी श्रीनिवास आणि ती यावरून भांडले. मी ते पुढे दोघांच्याही तोंडून ऐकलं, आणि दोघांनी सांगितलेलं जवळजवळ सारखंच होतं. तिचं म्हणणं, मी त्यांना लिहून देते की फोन वाजला होता. श्रीनिवासचं म्हणणं, एवढी वर्षं हप्ते भरले ते कशासाठी? उद्या त्यांनी हात वर केले तर घर विकावं लागेल, मुलीचं शिक्षण आहे. शिवाय कोर्टात शपथेवर सांगितल्यानंतर आता वेगळं सांगितलं तर बँकेतली नोकरी राहील का? रोकियाला निम्मे तरी मिळतीलच. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने सांगितलेलं सगळं तसंच झालं असतं. दमयंतीने लिहिलं नाही.

अपील २००४ च्या जानेवारीत उच्च न्यायालयात आलं. तिथे साक्षीदार नसतात. दोन वकील आणि एक न्यायाधीश, आणि आधीच्या खटल्यातल्या बोलण्याचा छापील गठ्ठा. दमयंतीने यायची गरज नव्हती, तरी ती आली. रोकियाही आली होती, तिच्या मुलाबरोबर. तो यिशुनला राहायचा, डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा. ती दोघं डाव्या बाजूला बसली, आम्ही उजव्या.

तासाभरात सगळं उरकलं. क्वेक म्हणाले की खालच्या न्यायालयाने पुराव्याला सोडून अंदाज बांधला. लक्ष दुसरीकडे होतं याला आधार काय? फोनबद्दल थेट विचारलं गेलं, थेट उत्तर मिळालं, आणि टेलिफोन कंपनीच्या नोंदीने ते खरं ठरवलं. उलट दुसरी बाई स्वतःच तीनदा सांगते की मी बघितलं नाही. न्यायाधीशांनी पानं उलटून तो भाग वाचला. रोकियाच्या वकिलाला ते म्हणाले की तुम्हाला यावर काही सांगायचंय का? तो बोलला, बरंच बोलला, पण त्या तीन उत्तरांपुढे त्याचं काही चालेना.

निकाल निम्मा-निम्मा झाला. पादचारीही आपल्या जिवाला जपण्याची जबाबदारी टाळू शकत नाही. दिवा लुकलुकत असताना, वळणाऱ्या गाडीकडे न बघता चालत राहणं हा निष्काळजीपणा आहे. म्हणून भरपाई अर्धी. आणि अपीलकर्तीच्या साक्षीबद्दल उच्च न्यायालय म्हणालं की ती नेमकी आणि संयमी आहे, खालच्या न्यायालयाने ती नाकारायला काही कारण नव्हतं. अपिलाचा खर्च रोकियाने द्यायचा.

क्वेकनी दमयंतीशी हात मिळवला. "तुमचा शब्द तुम्हाला परत मिळाला," ते म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये रोकिया काठीवर भार देऊन लिफ्टची वाट बघत होती. दमयंती थांबली. मला वाटलं ती जवळ जाईल. पण रोकियाचा मुलगा वळला आणि त्याने आमच्याकडे असं बघितलं की आम्ही जिन्याने उतरलो.

पुढचे तीन आठवडे दमयंती ऑफिसला गेली, स्वयंपाक केला, मधुवंतीचा अभ्यास घेतला. मग एका शनिवारी सकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, मी काककडे चाललेय, तू चल. आता केस संपलीय, विमा कंपनीचं पत्र लागू नाही. मी गेले.

रोकियाच्या घरात खोक्यांची चळत लागली होती. ती यिशुनला मुलाकडे राहायला जाणार होती. मशीन आधीच कुणीतरी घेऊन गेलं होतं. लाँड्रीतला कोपराही तिने सोडला होता. तिने आम्हाला बसायला सांगितलं, सरबत दिलं. ओतताना एक हात भिंतीला लावून उभी राहिली. दमयंतीने बसल्या बसल्या, एका दमात, सगळं सांगितलं. फोन वाजला होता. मी रस्त्याकडे बघत नव्हते. मी पर्सकडे बघत होते. चूक सगळी माझी होती, तुझी काहीच नव्हती. हे बोलताना ती रडली. मी तिला रडताना त्या आधी बघितलं नव्हतं.

रोकिया रडली नाही. ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुला तेव्हा माहीत होतं? कोर्टात उभी होतीस तेव्हा?"

दमयंतीने होकारार्थी मान हलवली.

"मग आज का सांगतेस?"

दमयंती काहीतरी म्हणाली, तुला कळायला हवं होतं, असं.

"तेव्हा सांगितलं असतंस तर ते माझ्या उपयोगाचं होतं," रोकिया म्हणाली. तिचं इंग्रजी तुटकं होतं, पण त्या दिवशी एक शब्द चुकला नाही. "आज सांगतेस ते तुझ्या उपयोगाचं आहे."

मग ती उठली. खोक्यावरून तिने जुनं पावतीपुस्तक घेतलं, त्यातलं एक कोरं पान उलटं केलं आणि बॉलपेनसकट दमयंतीच्या पुढ्यात ठेवलं.

"लिही," ती म्हणाली. "आत्ता सांगितलंस तेच लिही. सही कर. मी वकिलाला देते."

दमयंतीने पेन हातात घेतलं. वर तारीख लिहिली. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग थांबली. मला तिचा अंगठा पेनवर दाबून पांढरा झालेला दिसत होता. तिने माझ्याकडे बघितलं. तिला काय हवं होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हणायला हवं होतं की लिही, फोन माझा होता, मीही सही करते. त्याऐवजी मी मराठीत म्हणाले, "घाई करू नकोस. घरी बोल, मग लिही."

दमयंतीने पेन खाली ठेवलं. रोकियाला म्हणाली, मी घरी नीट टाइप करून आणते, असं हाताने लिहिलेलं कोर्टात चालणार नाही. रोकियाने ते पान पुस्तकातून फाडलं, घडी घातली आणि तिला परत दिलं.

"ओके lah," ती इथल्या बोलीत म्हणाली. "टाइप करून आण."

दमयंतीने ते कधीच टाइप केलं नाही. केलं असतं तर उपयोग झाला असता का, कोण जाणे. वकील मंडळी म्हणतात की निकाल लागल्यावर नवा पुरावा आत घेणं फार अवघड असतं. हे मी पुढे मुद्दाम विचारून घेतलं, आणि तसं उत्तर मिळाल्यावर मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. पुढच्या महिन्यात रोकिया यिशुनला गेली. तिचा पत्ता आम्हा दोघींपैकी कुणी विचारला नाही. यिशुन आमच्याकडून एमआरटीने अर्ध्या तासावर आहे.

दमयंतीने गाडी विकली. बँकेत ती आणखी वर चढली, खात्याची प्रमुख झाली. पण हाताखालची माणसं तिला घाबरायला लागली. कुणी अर्धवट काही बोललं की ती त्याचा पिच्छा सोडायची नाही, मुलीसारख्या कोवळ्या पोरींना रडवायची. मंडळात यायची, कामं करायची, कुणाशी फार बोलायची नाही. श्रीनिवासशी ती भांडत नव्हती. दोघं बाजूबाजूला बसून टीव्ही बघायचे. आमची मैत्री टिकली, पण त्या मैत्रीत काय उरलं होतं ते सांगणं अवघड आहे. आम्ही दोघी एकमेकींसमोर असलो की तिसरं कुणीतरी असावं असं दोघींनाही वाटायचं.

मधुवंती शिकायला हुशार निघाली. २००९ मध्ये तिला युनिव्हर्सिटीत कायद्याला प्रवेश मिळाला. श्रीनिवासने आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं. पहिलं सत्र सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे होते, दमयंती चकल्या पाडत होती आणि मी तळत होते. मधुवंती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात छापील कागदांचा गठ्ठा होता, त्यावर पिवळ्या शाईच्या रेघा मारलेल्या.

"Aai, this is you, right?" तिने विचारलं.

पहिल्या पानावर नाव होतं. कारखानीस विरुद्ध रोकिया. उच्च न्यायालयाचा निकाल कायद्याच्या अहवालात, म्हणजे महत्त्वाच्या निकालांच्या संग्रहात, छापून आला होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मधुवंती सांगत होती की वर्गात याच्यावर अख्खा तास झाला. पादचाऱ्याचाही दोष असतो हे दाखवायला हल्ली वकील हाच निकाल पुढे करतात. तिच्या प्राध्यापकांनी असे चार-पाच खटले सांगितले. एकात शाळकरी मुलगा होता, एकात वॉकर ढकलत चालणारे आजोबा. प्रत्येक ठिकाणी कारखानीस निकालाचा आधार घेऊन भरपाई कमी झाली होती. वर्गात सगळे नुसतं 'कारखानीस' म्हणत होते. हिने कुणाला सांगितलं नव्हतं की ती माझी आई.

दमयंतीने हात पुसले, कागद घेतले आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. बराच वेळ वाचत होती. तेलातल्या चकल्या लाल व्हायला लागल्या, त्या मी काढल्या.

"आई," मधुवंती म्हणाली, आणि या वेळी ती मराठीत बोलली, "हे असंच झालं होतं का?"

दमयंतीने शेवटचं पान उलटून बघितलं. मग माझ्याकडे नाही, मुलीकडेही नाही, त्या कागदाकडेच बघत ती म्हणाली, "हो. असंच झालं होतं."

मधुवंतीने मान डोलावली. प्राध्यापकांनी निकालाच्या नेमक्या भाषेचं फार कौतुक केलं, असं ती सांगायला लागली. दमयंतीने कागद तिच्या हातात दिले आणि सोऱ्यात पीठ भरायला घेतलं. मी कढईत पुढचा घाणा सोडला.